पोर्तुगालला पहिल्यांदा जाताय? व्हिसाच्या अर्जापासून परतीच्या विमानापर्यंत

मी पोर्तुगालला दोनदा गेले. पहिल्यांदा एकटी, पाठीवर एक पिशवी टाकून. दुसऱ्यांदा आई-बाबांना घेऊन. आई अडुसष्ट वर्षांची, बाबा बहात्तरचे, दोघंही शाकाहारी आणि आईचे गुडघे दुखरे. पहिल्या सहलीत जे सोपं वाटलं होतं, त्यातलं निम्मं दुसऱ्या सहलीत अवघड निघालं. त्यानंतर नात्यातल्या आणि ऑफिसातल्या चार-पाच घरांनी माझ्याकडून हीच माहिती फोनवर घेतली. प्रत्येकाचे प्रश्न जवळजवळ तेच होते, म्हणून आता सगळं एकत्र लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. पोर्तुगाल नकाशावर लहान दिसतो, म्हणून आठ दिवसांत सहा गावं बसवायचा मोह होतो. तसं करू नका. हा देश चढ-उतारांचा आहे आणि त्याचा खरा आनंद एका गावात तीन-चार दिवस राहिल्यावर मिळतो. खालच्या सगळ्या पायऱ्या मी हे धरूनच लिहिल्या आहेत.

१. महिना आणि दिवस ठरवा

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे सर्वांत चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये लिस्बन आणि किनारा माणसांनी भरलेला असतो. आतल्या आलेंतेजू भागात पारा चाळिशी ओलांडतो आणि डोंगराळ भागात वणव्यांची भीती असते. नोव्हेंबर ते मार्च पावसाचे महिने. थंडी आपल्या महाबळेश्वरइतकीच वाटेल, पण बऱ्याच जुन्या घरांत गरम करायची सोय नसते, त्यामुळे बाहेरपेक्षा खोलीतच जास्त गारठायला होतं.

जूनमध्ये जाणार असाल तर दोन तारखा लक्षात ठेवा. १३ जून हा लिस्बनचा संत अंतोनियोचा दिवस. आदल्या रात्री आल्फामा या जुन्या भागाच्या गल्ल्यांत सार्डिन माशांचा धूर आणि गाणी पहाटेपर्यंत चालतात. २३ जूनच्या रात्री पोर्तोमध्ये संत जुआंवचा उत्सव असतो. त्यात अनोळखी माणसं प्लास्टिकच्या हातोड्यांनी एकमेकांच्या डोक्यावर प्रेमाने टपल्या मारतात. दोन्ही बघण्यासारखे आहेत, पण त्या दिवसांतली खोली खूप आधी घ्यावी लागते आणि झोपेची आशा सोडावी लागते.

दहा दिवस असतील तर माझी मांडणी अशी: लिस्बनला पाच रात्री, पोर्तोला चार रात्री, एखादी रात्र वाटेत कोइंब्राला. लिस्बनहून सिंत्रा, कश्काइश आणि एव्होरा ही दिवसात जाऊन परत येण्यासारखी गावं आहेत. दक्षिणेचा आल्गार्व्ह किनारा यात कोंबू नका. त्याला वेगळे चार दिवस द्या.

२. व्हिसा: इथेच सर्वांत जास्त माणसं अडतात

पोर्तुगाल शेंगेन क्षेत्रात आहे, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात. पर्यटनाचा व्हिसा मिळाला की कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस त्या सगळ्या क्षेत्रात राहता येतं. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि पंधरा दिवस आधीपर्यंत तो आत गेलेला असावा लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, पण कागद मागितले गेले तर पंचेचाळीस दिवसांपर्यंत लागू शकतात. म्हणून तीन महिने आधी कामाला लागा. मे महिन्याच्या सुट्टीसाठी अपॉइंटमेंट मिळणं हीच मोठी लढाई असते.

अर्ज व्हीएफएस या अर्ज गोळा करणाऱ्या कंपनीच्या केंद्रात द्यायचा, पण निर्णय पोर्तुगालच्या दूतावासाचा असतो. केंद्रातला माणूस फक्त कागद घेतो. "हे चालेल ना?" असं त्याला विचारून मिळालेल्या उत्तरावर विसंबू नका. शुल्क प्रौढांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो, सहाच्या आतल्यांना नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिने चालतात, तरी केंद्रात पुन्हा मागितले तर वाद घालू नका.

लागणारे कागद:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दोन कोरी पानं असलेला. जुने पासपोर्टही सोबत.
- दोन फोटो, ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, अलीकडचे.
- भरून सही केलेला अर्ज.
- जाण्या-येण्याच्या विमानाचं आरक्षण.
- प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचं आरक्षण. एकही रात्र मोकळी नको.
- प्रवास विमा: किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण, संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी, जाण्याच्या दिवसापासून परतीच्या दिवसापर्यंत.
- बँकेचं अलीकडच्या महिन्यांचं स्टेटमेंट, बँकेच्या शिक्क्यासह.
- आयकर विवरणपत्रं.
- नोकरी असेल तर पगाराच्या पावत्या आणि रजा मंजूर झाल्याचं पत्र. धंदा असेल तर नोंदणीचे कागद. निवृत्तांसाठी पेन्शनचा कागद.
- दिवसवार कार्यक्रम आणि एक साधं पत्र: कोण, का, किती दिवस, खर्च कोण करणार.

आई-बाबांचा खर्च तुम्ही करणार असाल तर तसं लिहिलेलं पत्र, तुमचं स्टेटमेंट आणि नातं दाखवणारा कागद लावा. त्यांच्या खात्यात ऐनवेळी दोन लाख टाकून आकडा फुगवू नका. अचानक आलेली मोठी रक्कम तपासणाऱ्याच्या लगेच डोळ्यांत भरते. त्यापेक्षा छोटी पण नियमित पेन्शन जास्त बोलते.

सापळा पहिला: ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. पोर्तुगालची अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून दुसऱ्या देशाकडून व्हिसा काढून इकडे येणं हा आपल्याकडचा लोकप्रिय सल्ला आहे. तो ऐकू नका. विमानतळावर विचारलं गेलं तर उत्तर नसतं आणि पुढच्या अर्जालाही डाग लागतो. दोन देशांत समान रात्री असतील तर आधी जिथे उतरणार त्या देशाकडे अर्ज करायचा.

सापळा दुसरा: खोटी आरक्षणं. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला एजंटाने "डमी" हॉटेलचे कागद करून दिले होते. ते आरक्षण तपासणीत सापडलंच नाही आणि चारही अर्ज नाकारले गेले. फुकट रद्द करता येणारं खरं हॉटेल घ्या, व्हिसा मिळाला की हवं तर बदला. पण परत न मिळणारं विमानाचं तिकीट व्हिसा हातात येईपर्यंत काढू नका.

सापळा तिसरा: कागदांतली विसंगती. विम्याची तारीख एक, तिकिटाची दुसरी, कार्यक्रमात तिसरी. फाइल बंद करण्यापूर्वी घरातल्या दुसऱ्या कुणालातरी फक्त तारखा आणि नावांची अक्षरं तपासायला बसवा. आमच्या फाइलमध्ये बाबांच्या विम्यावर आडनावाचं एक अक्षर चुकलेलं आईने पकडलं.

एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी एक चांगली सोय झाली आहे. गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन ते नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक वेळा ये-जा करता येणारा व्हिसा मिळू शकतो. म्हणून जुन्या व्हिशांच्या पानांच्या प्रती जरूर जोडा.

३. विमान कुठून बदलताय ते बघा

मुंबईहून लिस्बनला थेट विमान नाही. दुबई किंवा इस्तंबूलमार्गे गेलात तर पासपोर्टची तपासणी लिस्बनलाच होते. फ्रँकफर्ट, म्युनिक, पॅरिस किंवा अॅमस्टरडॅममार्गे गेलात तर ती तिथेच होते, कारण शेंगेनमध्ये पहिलं पाऊल तिथे पडतं. मधल्या थांब्याला दीड तास असलेलं तिकीट स्वस्त दिसतं, पण रांगेतच तास जातो. अशा मार्गाला किमान तीन तास ठेवा. लंडनमार्गे जाताना ब्रिटन शेंगेनमध्ये नाही हे लक्षात ठेवा. तिथल्या ट्रान्झिटचे नियम वेगळे आहेत.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेणारी नवी पद्धत लागू होऊ लागली आहे. पहिल्या खेपेला नोंदणीमुळे वेळ जास्त जातो. वयस्कर माणसांना रांगेत लागण्याआधी पाणी आणि स्वच्छतागृह दोन्ही आटोपून घ्या. चाकाची खुर्ची हवी असेल तर तिकीट काढतानाच विमान कंपनीला कळवा. आईसाठी मी ती मागितली आणि आमचा सगळ्यांचाच त्रास वाचला.

जमलं तर लिस्बनला उतरा आणि पोर्तोहून परत निघा. शेवटच्या दिवशी मागे यायची दगदग वाचते.

४. मुक्काम निवडताना नकाशा नाही, चढ बघा

लिस्बन सात टेकड्यांचं शहर म्हणून ओळखलं जातं. नकाशावर "स्टेशनपासून तीनशे मीटर" असलेलं घर प्रत्यक्षात शंभर-दीडशे पायऱ्यांवर असू शकतं. आल्फामा फार देखणा भाग आहे, १७५५ च्या महाभूकंपातून बराचसा वाचलेला. पण तिथल्या अनेक गल्ल्यांत गाडी शिरत नाही आणि बॅगा हाताने वर न्याव्या लागतात. आल्फामा बघायला जा, राहायला शक्यतो सखल भागात किंवा मेट्रोच्या जवळ राहा. आम्ही साल्दान्याजवळ राहिलो. दिसायला साधा भाग, पण रस्ते सपाट, मेट्रो दारात, दुकानं खाली.

जुन्या इमारतींत लिफ्ट नसते, म्हणून घरमालकाला मजला आणि लिफ्ट दोन्ही विचारा. भाड्याचं घर नोंदणीकृत आहे का तेही बघा. दाराशी "एएल" अशी पाटी आणि जाहिरातीत नोंदणी क्रमांक असतो. खोलीभाड्याखेरीज शहराचा पर्यटन कर द्यावा लागतो: लिस्बनला तेरा वर्षांवरच्या प्रत्येकाला रात्रीला ४ युरो, जास्तीत जास्त सात रात्री. पोर्तोला ३ युरो. हा बऱ्याचदा तिथे पोचल्यावर मागतात, तेव्हा फसवलं जातंय असं समजू नका.

५. पैसे, फोन, वेळ

फॉरेक्स कार्ड आणि थोडे रोख युरो. एटीएममधून काढायचे झाले तर "मुल्तिबांकु" असं निळं चिन्ह असलेलं, शक्यतो बँकेच्या भिंतीतलं यंत्र वापरा. पर्यटकांच्या गर्दीत उभी असलेली रंगीत यंत्रं जास्त शुल्क घेतात. यंत्राने किंवा दुकानदाराने "रुपयांत घेऊ का युरोत?" असं विचारलं तर कायम युरोच निवडा. रुपयांचा दर त्यांचा असतो आणि तो महाग पडतो. छोट्या कॅफेत परदेशी कार्ड चालतंच असं नाही, म्हणून वीस युरो सुटे जवळ असू द्या.

प्लग दोन गोल पिनांचा, आपली तीन पिनांची वस्तू त्यात जात नाही. घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. पुढे स्पेनला जाणार असाल तर तिथे आणखी एक तास पुढे करावा लागतो. बस-गाडीच्या वेळा बघताना हा तास विसरला जातो.

६. विमानतळावरून शहरात

लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे आणि मेट्रोची लाल मार्गिका तिथूनच सुरू होते. सकाळी साडेसहा ते रात्री एक. आलामेदाला उतरून हिरव्या मार्गिकेने जुन्या शहरात जाता येतं, किंवा साल्दान्याला पिवळी मार्गिका पकडता येते. अर्ध्या तासात पोचता.

यंत्रातून "नाव्हेगांत" नावाचं कागदी कार्ड घ्या. कार्ड ५० सेंटचं. माणशी एक लागतं, एका कार्डावर तिघं जाऊ शकत नाहीत, हे आम्ही फाटकापाशी शिकलो. कार्डात "झॅपिंग" म्हणजे ठरावीक रक्कम भरून ठेवली की मेट्रो, ट्राम, बस आणि सिंत्रा-कश्काइशच्या लोकलही चालतात. मात्र एका वेळी कार्डात एकाच प्रकारची भरणी राहते. झॅपिंगचे पैसे शिल्लक असताना दिवसाचा पास त्याच कार्डावर टाकता येत नाही. आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा कार्ड लावावं लागतं, म्हणून प्रवास संपेपर्यंत ते सांभाळा.

सामान जास्त असेल, रात्र झाली असेल तर ॲपवरून गाडी मागवा. पहिल्या रात्री चार युरो वाचवण्यासाठी आई-बाबांना दोन मेट्रो बदलायला लावणं यात काही शहाणपण नाही.

७. शहरात फिरताना

फुटपाथ काळ्या-पांढऱ्या छोट्या दगडांच्या नक्षीचे असतात. दिसायला रांगोळीसारखे, पण ओले झाले की घसरतात. नवे गुळगुळीत तळाचे बूट नकोत. घरी महिनाभर वापरलेले, पकड असलेले बूट न्या.

२८ क्रमांकाची पिवळी ट्राम सगळ्यांनाच हवी असते. मार्तीम मोनीझच्या टोकाला तास-तास रांग लागते आणि आत खिसेकापूंचा सुळसुळाट असतो. सकाळी लवकर जा, किंवा दुसऱ्या टोकाला, कांपू द ओरीकपासून बसा. तिकडे बसायला जागा मिळते. ग्लोरिया चढावर रुळांवरून दोराने ओढली जाणारी गाडी जुन्या माहितीपत्रकांत दिसेल. ३ सप्टेंबर २०२५ ला तिथे भीषण अपघात झाला, सोळा जणांचा जीव गेला आणि सेवा थांबवण्यात आली. तिच्यावर विसंबून कार्यक्रम आखू नका.

बायशा भागात कुणी जवळ येऊन हलक्या आवाजात अमली पदार्थ विकायचा प्रयत्न करेल. मान हलवून पुढे चालू लागा, थांबून बोलू नका. टुकटुक म्हणजे आपली रिक्षाच, पण दर सहलीचा असतो आणि तगडा असतो. बसण्यापूर्वी किती वेळ, किती पैसे, माणशी की सगळ्यांचे मिळून हे तिन्ही विचारा.

८. रेल्वे: आधी तिकीट, मग निवांतपणा

लिस्बन ते पोर्तो जलद गाडी "आल्फा पेंदुलार" तीन तासांच्या आसपास घेते. "इंतरसिदादिश" थोडी हळू आणि स्वस्त. तिकिटं साधारण दोन महिने आधी खुली होतात आणि लवकर काढली तर मोठी सवलत मिळते. पासष्ट वर्षांवरच्या कोणालाही, परदेशी असला तरी, अर्ध्या दरात तिकीट मिळतं. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवायचा. आमच्या आधी गेलेल्या दोन कुटुंबांना हे माहीतच नव्हतं.

लिस्बनमध्ये चार स्थानकं लक्षात ठेवा. पोर्तोच्या गाड्या सांता अपोलोनिया आणि ओरिएंतहून, सिंत्राची लोकल रोसियूहून, कश्काइशची काइश दु सोद्रेहून. पोर्तोला लांबच्या गाड्या कांपान्यांवला थांबतात. तिथून त्याच तिकिटावर लोकलने एक थांबा पुढे साउं बेंतूला जाता येतं. त्या स्थानकाच्या भिंतींवर निळ्या फरशांवर पोर्तुगालचा इतिहास रंगवला आहे. बाबा तिथे अर्धा तास उभे होते.

पोर्तोहून दोरू नदीच्या काठाने पिन्यांवपर्यंत जाणारी गाडी चुकवू नका. जाताना उजव्या हाताच्या खिडकीत बसा, नदी त्या बाजूला आहे. निघायच्या आदल्या दिवशी "ग्रेव्ह" म्हणजे संप आहे का हे मात्र जरूर बघा. रेल्वेचे संप तिथे नवे नाहीत, आणि ते बहुधा आधी जाहीर होतात.

९. सिंत्रा: एक दिवस, पण दोनच ठिकाणं

रोसियूहून चाळीस मिनिटांत सिंत्रा येतं. इथला पेना राजवाडा लाल-पिवळा, डोंगरमाथ्यावर. आतल्या दालनांसाठी ठरावीक वेळेचं तिकीट असतं आणि ती वेळ राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नव्हे. फाटकापासून वर चढायला अर्धा तास लागतो. आमच्या पुढच्या जोडप्याची वेळ याच गैरसमजात गेली आणि त्यांना आत सोडलं नाही. स्टेशनवरून ४३४ क्रमांकाची बस वर जाते. फाटकापासून राजवाड्यापर्यंत वेगळी छोटी गाडीही असते, तिचे पैसे वेगळे, पण गुडघेदुखी असणाऱ्यांनी ती घ्यावीच.

सकाळची पहिली वेळ घ्या. दहानंतर बसच्या रांगा वळणापलीकडे जातात. पेना आणि मोंसेरातचा राजवाडा-बाग एवढंच एका दिवसात पुरे. सिंत्रातल्याच रेगालेइरा वाड्याच्या बागेतली खोल विहीर फार सुंदर आहे, पण ती गोल जिन्याने उतरायची असते आणि आत ओल असते. आईला मी बाहेरच्या बागेत बसवलं आणि एकटी उतरले. डोंगरावर धुकं आणि वारा असतो, खाली लिस्बनला कितीही ऊन असलं तरी एक स्वेटर घ्या.

१०. शाकाहारी माणसाचं जेवण

उपाशी राहावं लागत नाही, पण विचारल्याशिवाय तोंडात काही घालू नका. "सें कार्ने, सें पेइशे" म्हणजे मांस नको, मासे नको. अंडं नको असेल तर "सें ओव्हूश". फक्त "शाकाहारी" म्हटलं तर मासे चालतात असं समजणारे वाढपी अजून भेटतात.

काही फसव्या गोष्टी:

काउंटरवर समोसा दिसेल. नाव "शामूसा", हा गोव्यामार्गेच तिकडे गेलेला पदार्थ. पण आत बहुधा गोमांस किंवा कोंबडी असते. बाबांनी हात पुढे केला होता, मी वेळेवर थांबवलं.

"काल्दू व्हेर्द" हे बटाटा आणि हिरव्या पाल्याचं सूप शाकाहारी वाटतं, त्यात शोरीसूची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, चकती असते. त्याऐवजी "सोपा द लेगुमिश" मागा आणि रस्सा कशाचा आहे ते विचारा.

बसल्या बसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज येऊन पडतं. त्याला "कुव्हेर्त" म्हणतात. ते फुकट नाही. हात लावला तर पैसे, नाही लावला तर नाही. नको असेल तर लगेच परत न्यायला सांगा, कुणालाही राग येत नाही.

"पाश्तेल द नाता" या प्रसिद्ध गोड पदार्थात अंड्याचा बलक असतो. अंडं खाणाऱ्यांनी लिस्बनच्या बेलें भागात १८३७ पासून चालत आलेल्या दुकानात तो गरम खावा.

घरचं जेवण हवं असेल तर लिस्बनच्या लुमियार भागात पोर्तुगालच्या हिंदू समाजाचं राधाकृष्ण मंदिर आहे, तिथे शाकाहारी उपाहारगृह आहे. मोझांबिक आणि दीवहून आलेली बरीच गुजराती कुटुंबं तिथे भेटतात. मार्तीम मोनीझच्या आसपास डाळ, तांदूळ, मसाले, कढीपत्ता सगळं मिळतं. आमच्या घरात चूल होती, म्हणून रात्री वरण-भात आणि दुपारी बाहेर असं आम्ही ठरवलं आणि बारा दिवस कुणाचं पोट बिघडलं नाही. नळाचं पाणी पिण्यायोग्य असतं.

मासे खाणाऱ्या मालवणी-गोवेकर मंडळींना मात्र इथे घरी आल्यासारखंच वाटेल. दुपारी "प्रातू दु दिया" म्हणजे त्या दिवसाचं ठरलेलं ताट मागा, स्वस्त आणि ताजं. रात्रीचं जेवण साडेसात-आठच्या आधी फारसं मिळत नाही.

११. चार शब्द, त्यातले निम्मे आपलेच

दुकानात शिरताना सकाळी "बों दिया", दुपारी "बोआ तार्द" म्हणा. आभार मानताना पुरुषाने "ओब्रिगादू", बाईने "ओब्रिगादा". स्पॅनिशमध्ये सुरुवात करू नका, ते त्यांना आवडत नाही.

आईची भीती भाषेचीच होती. दुसऱ्या दिवशी तिने घरमालकिणीशी चावीवरून संवाद साधला, कारण चावीला ते "शाव्ह" म्हणतात. पाव "पांव", बटाटा "बताता", अननस "अनानाश", साबण "सबांव", कोबी "कोव्ह", टेबल म्हणजे "मेझा", आपली मेज. यांतले बरेच शब्द सोळाव्या शतकापासून गोवा, वसई, चौलच्या वाटेने आपल्याकडे आले. जेवण झाल्यावर "केरिया पगार" म्हणा, म्हणजे "पैसे द्यायचे आहेत". आपला पगार हा शब्द याच क्रियापदातून आला. आई शेवटच्या दिवसापर्यंत नवा शब्द सापडला की वहीत लिहीत होती.

या धाग्यात रस असेल तर बेलेंचा जेरोनिमुश मठ बघा. १४९८ मध्ये कालिकतला पोचलेल्या वास्को द गामाची कबर तिथल्या चर्चमध्ये आहे. सोमवारी मठ बंद असतो. पूर्वेच्या संग्रहालयात, "म्युझेऊ दु ओरिएंत"मध्ये, गोव्याकडच्या हस्तिदंती मूर्ती आणि नक्षीकाम बघायला मिळतं. वसईचा किल्ला पाहिलेला असेल तर तिथल्या कमानी लिस्बनमध्ये ओळखीच्या वाटतील. अवघड इतिहास आहे हा, छळाचाही आहे, आणि तो मनात ठेवूनच मी तिथे फिरले. पण तिथल्या माणसांनी आम्ही महाराष्ट्रातून आलो म्हटल्यावर "गोव्याजवळ का?" असं फार आपुलकीने विचारलं.

१२. तब्येत आणि अडचण

आपत्कालीन क्रमांक ११२. रोजची औषधं पूर्ण दिवसांची आणि वर आठवड्याची न्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ वेष्टनात, हातातल्या बॅगेत. औषधांचं दुकान हिरव्या क्रॉसवरून ओळखू येतं आणि तिथले लोक साध्या तक्रारींवर चांगला सल्ला देतात. समुद्रावर लाल झेंडा असेल तर पाण्यात पाऊलही नको. हा अटलांटिक आहे, उन्हाळ्यातही थंड आणि ओढीचा. पासपोर्टची प्रत खोलीत, दुसरी फोनमध्ये. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांकडे नोंद, मग लिस्बनमधला भारतीय दूतावास.

१३. परतीचा दिवस

लिस्बनहून निघताना तिकिटावर टर्मिनल बघा. स्वस्त विमानांची काही उड्डाणं टर्मिनल दोनहून असतात आणि मेट्रो टर्मिनल एकलाच येते. दोघांमध्ये फुकट बस आहे, पण तिची वाट बघण्यात पंधरा-वीस मिनिटं जातात. सुरक्षा तपासणी झाली म्हणजे संपलं असं समजून दुकानांत रेंगाळू नका. शेंगेनबाहेर जाणाऱ्यांची पासपोर्टची रांग त्यापुढे असते आणि सकाळी ती लांब असते. तीन तास आधी पोचा, आधी ती रांग पार करा, मग कॉफी. आईसाठी खुर्ची पुन्हा मागितली होती. ती ढकलणाऱ्या मुलाला आईने फाटकापाशी "ओब्रिगादा" म्हटलं, आणि त्याने उत्तरादाखल "नमस्ते" म्हणून हात जोडले.